आजीचं न्गातू, चौपट

आयत चौपट करण्यात अवघड काय आहे, असं मी बायकोला, इलाइसानेला, म्हणालो. हे वाक्य मी हसत हसत, पाय पसरून, भाजलेल्या सुरणाचा तुकडा तोंडात टाकता टाकता म्हणालो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बावीस वर्षं मी गावच्या शाळेत आठवीला गणित शिकवतो. आयताला मी घाबरायचं म्हणजे कोळ्याने पाण्याला घाबरण्यासारखं झालं असतं.

झालं असं, की ऑकलंडहून ताईचा फोन आला. सिसिलिया, माझी थोरली बहीण. तिच्या मुलीचं लग्न आमच्याच गावच्या चर्चमध्ये ठरलं होतं, पाच आठवड्यांनी.

"फिलिमोने," ताई म्हणाली, "आजीचं न्गातू तुझ्या भिंतीवर आहे ना अजून?"

"आहे, ताई."

"मला तसंच एक हवंय. तस्संच. फक्त मोठं. नवरानवरी, दोन्हीकडचे आईबाप आणि पाद्री, सगळे त्यावर उभे राहिले पाहिजेत. इलाइसानेच्या मंडळातल्या बायकांना सांग."

"सांगतो, ताई."

"आणि नाही जमलं तर सरळ सांग. मी भिंतीवरचंच घेऊन जाईन."

आता, थोरल्या बहिणीने भावाच्या घरातली वस्तू मागितली की भावाने ती द्यायची असते. डुक्कर मागितलं तर डुक्कर, छप्पर मागितलं तर छप्पर. यात चर्चा नसते. पण आजीचं न्गातू म्हणजे माझा जीव. तुतीच्या सालीचं ते कापड आजीने स्वतः ठोकून, चिकटवून, तपकिरी रंगवून बनवलं होतं. तिच्या घरच्या छोट्या मेजावर केलेलं, म्हणून छोटंच: नव्वद सेंटिमीटर रुंद, एकशेवीस लांब. मधे दोन पक्षी, आणि कडेला, आमच्याकडे लांबी मोजायला घालतात तसे, एक ते चार आकडे. मी एक ते चार अंक त्या कडेवर शिकलो. पाच शिकायला मला शाळेत जावं लागलं.

शिवाय त्याच्या एका कोपऱ्यात सहा बेटं होती. एक लांबट मोठं, आणि त्याच्या एका टोकाला ओळीने पाच लहान. आजीने आमच्या बेटांचा नकाशा काढलाय, हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगतो. एकदा शिक्षणाधिकारी घरी जेवायला आले होते, त्यांनाही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आजी हयात नसल्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती, आणि मला गरजही वाटली नाही.

तर मी पट्टी घेतली, भिंतीशी उभा राहिलो आणि तिथल्या तिथे हिशेब मांडला. प्रमाण चार. तीनशेसाठ रुंद, चारशेऐंशी लांब. वऱ्हाड मावतं. आजीच्या कापडाला ठोकलेल्या सालीच्या तीन पट्ट्या लागल्या असाव्यात, तर आपल्याला चार त्रिक बारा. इलाइसानेच्या हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'आजीच्या न्गातूच्या चौपट. साल: बारा पट्ट्या.' खाली सही केली. सहीशिवाय मी काही देत नाही.

दीड आठवडा गावातून ठोकण्याचा आवाज येत होता. मी आठवीला गुणोत्तर शिकवत होतो आणि खिडकीतून ठकठक ऐकून मनातल्या मनात खूश होत होतो. बायकांच्या कामाच्या जागी पुरुषाने जायचं नसतं, म्हणून मी गेलो नाही. नेमकं तेच चुकलं.

शनिवारी सकाळी कालोलाइनेमावशी घरी आली. ही इलाइसानेची मावशी आणि बायकांच्या मंडळाची मुख्य. तिच्यामागे चार बायका, खांद्यावर गुंडाळी. अंगणात त्यांनी ती सोडली. ती सुटतच गेली. दारापासून विहिरीपर्यंत गेली.

"झालं," मावशी म्हणाली. "ठसे तेवढे लावायचे राहिलेत. म्हटलं आधी जावईबापूंना दाखवावं."

मी पाहिलं. लांबी चारशेऐंशी, बरोबर. रुंदी नव्वद.

"मावशी, हे काय?"

"चौपट. आजीच्याला कडेला चार आकडे आहेत, याला सोळा येतील. मुद्दाम आजीचं छोटं मेज माळ्यावरून काढून आणलं, हुबेहूब व्हावं म्हणून."

"पण रुंदी?"

"रुंदीचं काय?" मावशीने बायकांकडे पाहिलं. बायकांनी मावशीकडे पाहिलं. "रुंदी मेजाएवढी असते. मेज काय वाढतं का?"

खरं तर यात तिचा दोष नव्हता. आमच्याकडे न्गातूचं मोठेपण लांबीवरच मोजतात. पन्नास आकड्यांचं, शंभर आकड्यांचं. कापड मेजावरून पुढे ओढत जायचं, तसतसं ते वाढतं. रुंदी किती, असं कुणी कुणाला जन्मात विचारलेलं नाही. तसं विचारणं म्हणजे एखाद्याला तुझ्या घराला जमीन आहे का, असं विचारणं.

"यावर लग्न कसं लागायचं?" मी विचारलं. "नवरानवरीने रांगेत उभं राहायचं?"

"पाद्री पुढे, मग नवरा, मग नवरी," एक बाई विचार करून म्हणाली. "आईबाप शेवटी. दिसेल छान."

मी त्यांना आयत समजावून सांगितला. दोन्ही बाजू एकाच पटीने वाढल्या तरच आकार तोच राहतो, एकच वाढवली तर आयताची पट्टी होते. खडू नव्हता म्हणून काठीने मातीत आकृत्या काढल्या. मी चांगलं शिकवलं, हे मी स्वतः सांगतो, कारण बाकी कुणी सांगितलं नाही. इलाइसाने मात्र माझ्या आकृत्यांकडे बघतच नव्हती. ती आत गेली, आजीचं न्गातू भिंतीवरून काढून आणलं, आणि त्या लांब पट्टीवर एका टोकाशी ठेवलं. उचललं, पुढे ठेवलं. असं चारदा. मग पट्टीशेजारच्या गवतावर चारदा. मग आणखी एक ओळ, आणि आणखी एक.

"सोळा," ती म्हणाली.

"काय सोळा?"

"आजीची सोळा न्गातू मावतात तुमच्या चौपटीत. मग साल बारा पट्ट्या कशी? तीन सोळे अठ्ठेचाळीस."

कालोलाइनेमावशीने माझ्या कागदाची घडी उलगडली आणि सहीकडे बघितलं.

मी आता जे सांगतोय ते आठवीच्या पोरांच्या कानावर जाऊ नये. बाजू चौपट केली की क्षेत्रफळ सोळापट होतं, हे मी बावीस वर्षं शिकवतो. दर वर्षी प्रश्नपत्रिकेत घालतो. दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो आणि मी त्यांना नको ते बोलतो. पण ते सगळं कागदावर असतं, आणि कागदाला साल लागत नाही. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "बघत होतो, कुणाच्या लक्षात येतंय का."

"आलं," इलाइसाने म्हणाली.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. तसल्या चार पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या, की बरोबर तीनशेसाठ बाय चारशेऐंशी होतात. म्हणजे जे झालं ते वाया गेलं नव्हतं. ते बरोबर उत्तराचा चौथा हिस्सा होतं.

प्रश्न उरला सालीच्या छत्तीस पट्ट्यांचा. गावातली तयार तुती मंडळाने या बारा पट्ट्यांसाठी तोडली होती, उरलेली अजून बोटभर जाडीची होती. तीन आठवडे राहिले होते. ताईचा परत फोन आला, कसं चाललंय म्हणून. मी म्हणालो, उत्तम. फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या न्गातूखाली जरा वेळ उभा राहिलो. तिथून ते उतरवून विमानात बसवायची कल्पना मला सहन होईना.

तेवढ्यात शेजारचा उआइसेले कुंपणावर वाकला. हा बंदरावर कारकून होता, आता निवृत्त आहे, आणि निवृत्तीनंतर त्याने सल्ला देणं हेच काम धरलंय.

"इतकं कशाला लांबवतोस?" तो म्हणाला. "आजीच्या न्गातूत लांबी रुंदीपेक्षा तीस सेंटिमीटरने जास्त. बरोबर? फरक सांभाळ. अडीच मीटर रुंद, दोन ऐंशी लांब. फरक तीस. आकार तोच, साल निम्म्यात."

"उआइसेले, फरक सांभाळून आकार राहत नाही. तो जवळजवळ चौरस होतो. सारख्या बाजूंचा."

"कसा काय? तीस म्हणजे तीस."

मी त्याला सोपं उदाहरण द्यायचं ठरवलं. "हे बघ, जन्मलास तेव्हा तू अर्धा मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद होतास. फरक तीस. आता तू पावणेदोन मीटर उंच आहेस. तुझ्या नियमाने तुझी रुंदी किती व्हायला हवी? एक पंचेचाळीस."

उआइसेलेने खाली स्वतःकडे पाहिलं. मीही पाहिलं. उदाहरण निवडताना माणूस निवडायचं भान मी ठेवायला हवं होतं.

"मग जवळपास बरोबरच आलं की," तो म्हणाला, आणि वाद जिंकून घरात गेला.

शेवटी मी शेतकी कचेरीत गेलो. सरकारी मळ्यात तयार तुती आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी मला दारातूनच परत पाठवलं, कारण आमच्याकडे मोठ्यांसमोर जाताना मानाची म्हणून कपड्यांवरून कमरेला चटई बांधतात, आणि घाईत मी ती न बांधता गेलो होतो. सरकारी दारात असं उघड्या कमरेने गेलेलं मला माझ्या विद्यार्थ्याच्या बापाने पाहिलं, तो तिथे शिपाई आहे. दुसऱ्या दिवशी लग्नातली चांगली चटई बांधून गेलो. अधिकाऱ्याने अर्ज पुढे सरकवला. नाव, गाव, कारण, आणि 'न्गातूची लांबी'. संपला अर्ज.

"यात रुंदीचा रकाना नाही," मी म्हणालो.

"रुंदी कशाला?" अधिकारी म्हणाला.

"रुंदीशिवाय साल किती लागेल ते कसं कळणार?"

"मास्तर, तेवीस वर्षं हा अर्ज चालतोय. रुंदी असतेच. ती लिहून कुणाचं भलं झालंय?"

मी त्याला अर्धा तास समजावलं. त्याने तेवढ्याच शांतपणे अर्धा तास ऐकलं, आणि शेवटी अर्ज परत माझ्याकडे वळवला. मग मला सुचलं. मला कापडाच्या तसल्याच आणखी तीन लांब पट्ट्या हव्या होत्या, प्रत्येकी चारशेऐंशी. एकापुढे एक मांडल्या तर चौदा मीटर चाळीस. मी लांबीच्या रकान्यात तेवढं लिहिलं. खाली माझ्या समाधानासाठी, बारीक अक्षरात, 'रुंदी नव्वद' असं लिहिलं. त्याने ते खोडलं, आणि साल मंजूर केली. कचेरीतून मी छाती काढून बाहेर पडलो. शिपायाने या वेळी सलाम केला.

पुन्हा ठकठक सुरू झाली. आता मी रोज शाळा सुटल्यावर जात होतो, बायकांच्या जागेपासून बरोबर दहा पावलांवर एका फणसाच्या सावलीत बसत होतो आणि तिथून सूचना करत होतो. तिसऱ्या दिवशी ठशांचा विषय निघाला.

"पक्ष्याचा ठसा आहे आपल्याकडे," कालोलाइनेमावशी म्हणाली. "आजीचाच. लावत जाऊ. सोळा न्गातू, प्रत्येकी दोन पक्षी. बत्तीस होतील."

"बत्तीस नाही. दोनच. पक्षीही चौपट व्हायला हवेत."

"एवढा पक्षी?" मावशीने हात पसरले. "लग्न आहे का शिकार?"

पण मी हटलो नाही. ताईने तस्संच म्हटलं होतं, आणि आजीच्या न्गातूवर दोन पक्षी एकमेकांकडे बघत होते. बत्तीस पक्षी म्हणजे बाजार.

मोठा पक्षी काढायची रीत मला येत होती. एक खिळा ठोकायचा, तो केंद्र. खिळ्याला दोरी बांधायची, लहान चित्राच्या एकेका बिंदूवरून ती सरळ ताणत न्यायची आणि खिळ्यापासून चौपट अंतरावर खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्या की मोठं चित्र तयार. चर्चसमोरच्या हिरवळीवर मी आजीचं न्गातू स्वच्छ चटईवर अंथरलं, त्यापासून तीन मीटरवर सावली बघून खिळा ठोकला, आणि हातात राख घेऊन कामाला लागलो. अर्ध्या तासाने पाद्रीसाहेब घरातून बाहेर आले.

"फिलिमोने, माझ्या रताळ्यांच्या वाफ्यात राखेची रेघ कसली आहे?"

"ती पक्ष्याची चोच आहे, साहेब."

"आणि डुकराच्या गोठ्यात?"

"शेपटी असावी. अजून जोडलेली नाही."

चूक रीतीत नव्हती, खिळ्याच्या जागेत होती. खिळा तीन मीटर दूर, म्हणजे चित्रही चौपट दूर, बारा मीटरवर जाऊन उमटलं. पाद्रीसाहेबांना मी हे केंद्राचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी रविवारच्या प्रवचनात ते वापरलं, माझं नाव घेऊन. माणसाने केंद्र कुठे ठेवलं आहे ते पाहावं, असं ते म्हणाले, आणि सगळं गाव माझ्याकडे वळून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिळा न्गातूच्या कोपऱ्याशीच ठोकला. कोपरा जागचा हलला नाही, बाकी सगळं तिथून पसरत गेलं आणि हिरवळीवर मावलं. दोन पक्षी असे देखणे उतरले की मावशीनेही काही बोलायचं शोधलं आणि तिला सापडलं नाही. नारळाच्या हिरांचे नवीन मोठे ठसे बांधायला बायका बसल्या. मी कोपऱ्यातल्या बेटांकडे वळलो.

"तो डाग सोडा आता," इलाइसाने म्हणाली.

"डाग? तो नकाशा आहे."

"नकाशा असेल तर उलटा आहे. आपली मोठी बेटं अशी नाहीत."

"आजीने समुद्रावरून बघितल्यासारखा काढलाय. तस्संच म्हटलंय ना ताईने? बेटं वगळली तर तस्सं राहत नाही." आणि मी दोरी ताणून सहाच्या सहा बेटं बिंदू न बिंदू उतरवली. दुसऱ्या लहान बेटाचं टोक पहिल्यापेक्षा किंचित पुढे होतं, तेही सोडलं नाही. या कामात मी फार काळजी घेतली, हे लक्षात ठेवा.

लग्नाच्या दिवशी चर्चसमोर न्गातू अंथरलं. तीनशेसाठ बाय चारशेऐंशी, मी पहाटे उठून मोजलं होतं, कोपरे काटकोनात. तपकिरी जमीन, काळे पक्षी, कडेला चार मोठे आकडे. ताई मोटारीतून उतरली. मी रीतीप्रमाणे बाजूला, मान खाली घालून उभा राहिलो. घरी भिंतीवरचं न्गातू उतरवायला लागू नये म्हणून मी खिळ्यावर आणखी एक खिळा ठोकून आलो होतो, हेही सांगून टाकतो.

ताई न्गातूभोवती एक फेरी मारून आली. पक्ष्यांपाशी थांबली. मग कोपऱ्याशी आली आणि तिथेच उभी राहिली. खूप वेळ. तिचे खांदे हलायला लागले.

मागून उआइसेलेचा आवाज आला. "अरे, हा तर पाय आहे."

मी मान वर केली. भिंतीवर पन्नास वर्षं आडवी बघितलेली ती बेटं आता जमिनीवर होती, चौपट होती, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तो एका लहान मुलाचा डावा पाय होता. टाच, तळवा आणि पाच बोटं. शिक्षणाधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलेला.

"फिलिमोने," ताई म्हणाली. "चप्पल काढ. डावी."

ताईने सांगितलं म्हणजे काढायचीच. मी कोपऱ्याशी पाय ठेवला. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, जन्मापासून. न्गातूवरच्या पायाचंही तसंच होतं. बायका वाकून वाकून दोन्हींकडे बघत होत्या.

"प्रमाण बरोबर आहे," कालोलाइनेमावशी गंभीरपणे म्हणाली.

"आजीने ओलं न्गातू वाळत घातलं होतं," ताई म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "तुला नुकतं चालता यायला लागलं होतं. तुला सांभाळायचं काम माझं. मी अंगणात खेळत बसले आणि तू रंगाच्या भांड्यात पाय बुडवून सरळ त्यावर गेलास. एकच पाऊल टाकलंस, मी उचललं. आजीने मला नारळाच्या हिराने चार फटके दिले. तू कडेवर बसून टाळ्या वाजवत होतास."

इतकी वर्षं मी वर्गात उभं राहून माझाच पाय नकाशा म्हणून दाखवत होतो आणि त्याचा मार ताईने खाल्ला होता. ती ते न्गातू का मागत होती, ते मला आत्ता कळलं.

"ताई," मी म्हणालो, "भिंतीवरचं तू घेऊन जा. ते तुझंच आहे. मी आत्ता काढून आणतो." आणि मी खरंच वळलो. दोन खिळे काढायचे होते, वेळ लागला असता.

"थांब," ताई म्हणाली. "छोटं राहू दे तुझ्याकडे. तो पाय त्याच घरातला आहे. मला हे मोठं पुरे. ऑकलंडला पाहुणे आले की अंथरेन आणि सांगेन, हा माझा धाकटा भाऊ, हा एवढा होता तेव्हाचा." मग ती इलाइसानेकडे वळली. "चार फटके खाल्ले होते गं. आज चौपट भरून पावले."

इलाइसानेने माझ्याकडे पाहिलं. कालोलाइनेमावशीने पाहिलं. सगळ्या मंडळाने पाहिलं. मी एका पायात चप्पल घालून उभा होतो.

"चौपट नाही, ताई," मी म्हणालो. "सोळापट."